यादीतला ठिपका

१

सकाळी डोळे उघडले की मृणाल आधी छताचा फोटो काढायची. दात घासणं, केस बांधणं हे सगळं नंतर. पंखा आणि त्याच्या पात्यांवरची धूळ एवढंच त्या फोटोत असायचं, आणि तो फोटो ती सतरा जणांना पाठवायची. त्या सतरा जणांकडूनही तिला असंच काहीबाही यायचं. कुणाची उशी, कुणाचा अर्धा कान, कुणाच्या बाथरूममधली बादली. ते कुणीच धड बघत नसे. पाठवायचं मात्र रोज, कारण रोज पाठवलं की दोघांच्या नावापुढचा आकडा एकाने वाढतो, आणि एक दिवस जरी कुणी चुकवला तरी तो सरळ शून्यावर येतो. पोरं त्याला स्ट्रीक म्हणतात.

हरिहरेश्वरच्या रस्त्यावरच्या त्या कॉलेजात कोण कुणाचं किती जवळचं हे या आकड्यावरून ठरायचं. बोलून ठरवायची पद्धत मागेच बंद पडली होती. कॅन्टीनमधल्या कॅरमबोर्डावर आता वडापावच्या प्लेटा ठेवत, आणि ऑफ तासाला एवढी शांतता असायची की नव्या सरांना वाटायचं, काय गुणी मुलं आहेत.

मृणाल म्हसळ्याच्या मास्तरांची मुलगी. श्रीवर्धनला नीराबाईंच्या सुपारीच्या वाडीत माडीवरची खोली घेऊन राहायची, आणि तिच्यासोबत राहायची तेजस्वी. ही तेजस्वी म्हसळ्याच्याही आत, डोंगरातल्या एका वाडीतली. घरची भातशेती. पहिल्या वर्षी आली तेव्हा तिच्या हातात बटणांचा फोन होता आणि वर्गात उभं राहून बोलायला ती लाजायची. मृणालनेच तिला दुकानात नेऊन जुना फोन घेऊन दिला. पंधरा ऑगस्टचं झेंडावंदन झाल्यावर याच खोलीत जमिनीवर बसून तिचं अकाउंट उघडून दिलं, आणि पहिला फोटोही तिनेच पाठवून दाखवला.

आता तीच तेजस्वी सगळ्या कॉलेजची लाडकी झाली होती. गॅदरिंगला तिचं नाव आधी घेत, कॅन्टीनमध्ये तिच्यासाठी जागा धरून ठेवत. मृणालला हेवा वाटतो असं कुणी म्हटलं असतं तर ती अंगावर धावून गेली असती. पण हेवाच होता तो, आणि तेजस्वीच्या यशाचा तो नव्हताच. तेजस्वी आपली आहे, आपण तिच्यासाठी पहिल्या, हे रोज कुणीतरी आपल्याला मोजून दाखवावं असं तिला वाटायचं. त्यासाठी तिच्याकडे एक आकडा होता. चारशे एकतीस. पंधरा ऑगस्टपासून एकही दिवस न चुकलेला.

२

ऑक्टोबरात भातकापणी आली. तेजस्वीला सहा दिवस घरी जाणं भाग होतं, आणि तिच्या वाडीत रेंज नव्हती. अशा वेळी त्या कॉलेजात एक रीत होती. गावाला जाताना शेजारणीला तुळशीला पाणी घालायला सांगावं, तशा पोरी आपल्या स्ट्रीक मैत्रिणीकडे सांभाळायला देऊन जात.

"फोनच ठेवून जाते तुझ्याकडं," तेजस्वी पिशवी भरता भरता म्हणाली. "तिकडं न्हेऊन काय करू? चिखलात पडायचा. रोज सगळ्यांना एक फोटो टाक. एकपण तोडू नको, काय?"

"नाही तोडत गं बाई."

"आणि वरची तर..." ती हसली आणि मृणालचा गाल ओढून म्हणाली, "वरची तुझ्याच हातात हाय."

सोमवारी साडेसहाच्या एसटीने ती गेली. मृणाल खोलीवर आली आणि तेजस्वीच्या खाटेवर फतकल मारून बसली. फोन उघडायची खूण इंग्रजी एमची होती. आपल्या नावाची. मृणालला आतून गुदगुल्या झाल्या. तिने यादी उघडली आणि आपलं नाव शोधलं.

ते दुसरं होतं.

तिच्या वर एक ओळ होती. नाव नाही, चेहरा नाही. नावाच्या जागी नुसता एक ठिपका, आणि त्याच्यापुढे आकडा. सहाशे अकरा.

तिने फोन खाटेवर आपटला. भीतीने नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. भीती वाटण्यासारखं होतं. सहाशे अकरा दिवसांपूर्वी हा फोन तेजस्वीचा नव्हता, हे अकाउंट नव्हतं, ती गावात बारावीचा अभ्यास करत होती. मृणालने बोटांवर पुन्हा पुन्हा मोजलं. चारशे एकतीसच्या वर एक दिवससुद्धा असणं शक्य नव्हतं. अ‍ॅप कधीमधी चुकतं, असं ती स्वतःला म्हणाली, आणि तिला ते पटलंही. पण चुकीचा का होईना, तो आकडा तिच्या वर होता, आणि त्याने तिच्या अंगाची लाही लाही होत होती.

३

तिने छताचा फोटो काढला आणि तेजस्वीच्या नावाने एकेकाला पाठवत गेली. ठिपक्यावर येऊन अंगठा थांबला. याला वगळलं तर उद्या शून्य. पण मग तेजस्वी विचारणार, आणि कुणी तोडलं हे उघडच होतं. दातओठ खात तिने पाठवला.

मिनिटभरात उलट फोटो आला. हिरव्या ऑइलपेंटची भिंत, तिच्यावर एक खुंटी. खुंटीला काही नाही.

असले फोटो एकदा बघितले की पुसले जातात, म्हणून तिने आपल्या फोनने त्याचा फोटो काढून ठेवला. मंगळवारीही तीच भिंत आली, थोडी खालून घेतलेली, आणि कडेला खिडकीच्या चौकटीचं लाकूड. मृणालने तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. कुठे पोराचा हात दिसतो का, कुणाची सावली, मनगटातलं घड्याळ. काहीच नव्हतं. मागे सरकवत गेली तर गप्पांचा एक शब्द सापडला नाही. सव्वा वर्ष नुसते फोटो गेलेले आणि आलेले.

ज्याच्याशी बोलावंसुद्धा लागत नाही असा कोण एवढा जवळचा, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

त्या दिवशी दुपारी अभ्यास करताना तिला दाराकडून 'खट्' असा आवाज आला आणि पाठोपाठ तेजस्वीचा फोन वाजला. वाडीत सुपाऱ्या पत्र्यावर पडतच असतात. तिने तिकडे पाहिलंही नाही.

४

बुधवारी ती कॉलेजभर भिंती बघत फिरली. केमिस्ट्रीची लॅब, एनएसएसची खोली, मुलांच्या हॉस्टेलचा जिना. हिरवं कुठेच नव्हतं. शेवटी कॅन्टीनमध्ये सुजितला गाठलं. हा कबड्डीच्या संघाचा कॅप्टन, आणि त्याने एकदा तेजस्वीला मोटरसायकलवरून हरिहरेश्वरला नेलं होतं. मृणालच्या मते एवढा पुरावा बास होता.

"तुझ्या खोलीची भिंत कुठल्या रंगाची आहे?"

"पिवळी," सुजित फोनमधून मान न उचलता म्हणाला. "का?"

"तेजस्वीशी तुझी स्ट्रीक केवढी आहे?"

"एकवीस. ती पण दोनदा तुटली. तुझी तर चारशेच्या वर ना? तुझ्या नावाने बोटं मोडतात इथे सगळे."

एरवी हे ऐकून ती आठवडाभर फुशारली असती. आता तिला ते चिडवल्यासारखं वाटलं.

दुपारी हॉलमध्ये सक्तीचं व्याख्यान होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरबाई मोबाइल आणि मन या विषयावर बोलत होत्या. दोनशे पोरं, दोनशे माना खाली. रात्री शांत झोप कुणाकुणाला लागते, असं बाईंनी विचारलं तेव्हा दोन हात वर झाले, आणि त्यातला एक आळस देत होता. मृणाल मागच्या रांगेतून त्या माना न्याहाळत होती. यातली कुठलीही एक ठिपका असू शकत होती. गेल्या दोन रात्री ती चार तासांच्या वर झोपली नव्हती. छडा लागला की झोपू, असं ती स्वतःला सांगत होती.

५

परतली तेव्हा नीराबाई खळ्यात सुपारी उन्हात पसरत बसल्या होत्या. मृणालने सहज म्हणून फोटो पुढे केला. "मावशी, अशी भिंत कुणाकडे बघितलीय का हो?"

नीराबाईंनी पदराने चष्मा पुसला. "ही आमचीच माडी न्हाय का? पह्यली हिरवीच व्हती. तुमी येयाच्या आदल्या मे मयन्यात पांढरी केली. ती खुंटी बी तवाच काढली."

"तेव्हा कोण राहायचं इथं?"

"ऱ्हायल्या आसतील कोन कोन पोरी. दर वर्साला येत्यात, जात्यात. तोंडं कुठं ध्यानात ऱ्हातात? जिना चडता-उतरताना फोनातच डोस्कं. तुजं तरी कुठं दिसतं?"

मृणाल वर आली. आपलं कपाट भिंतीपासून हातभर ओढलं आणि मागचा पांढरा रंग चावीने खरवडला. खालून हिरवा निघाला.

ती चावी हातात धरून उभी असतानाच पुन्हा 'खट्' झालं. आवाज पत्र्यावरून आला नव्हता. खोलीतून आला होता, उघड्या दाराच्या मागून. मग तेजस्वीचा फोन वाजला.

या वेळी फोटोत आख्खी खोली होती. दाराआडच्या कोपऱ्यातून, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेने घेतलेली. भिंत हिरवी, खिडकीबाहेर वाडीतल्या त्याच सुपाऱ्या, आणि एक खाट. तेजस्वीची. तिच्यावर तेजस्वीने सोमवारी घडी घालून ठेवलेली मोरपिशी चादर. समोरच्या भिंतीशी, जिथे मृणालची खाट होती, तिथे मोकळी फरशी. तिचं कपाट नाही, बादली नाही, चपला नाहीत.

दुसरं कुणी असतं तर आधी जिना उतरून खाली पळालं असतं. मृणालने दार ओढून कोपरा पाहिला. केरसुणी होती. दार तीनदा उघडून-मिटून पाहिलं, आणि तिन्ही वेळा केरसुणीच होती. मग ती तेजस्वीच्या खाटेवर बसून तोच फोटो बघत राहिली. हल्ली फोटोतली खाट बोटाने पुसता येते, हे तिला माहीत होतं. कुणीतरी खोलीचा फोटो घेऊन चेष्टा करत असेल, इतपत तिची बुद्धी शाबूत होती. पण मनात घोळत होतं ते वेगळंच. तेजस्वी रोज हा फोटो बघते. त्यात मी नाही. आणि तिला ते चालतं.

६

गुरुवारी करण्यासारखं अगदी सोपं होतं, ते म्हणजे काहीच न करणं. एक दिवस फोटो पाठवला नसता तर ठिपका संपला असता. मृणालला हे कळत होतं. म्हसळ्याला वडिलांकडे निघून जावं, असंही एकदा मनात आलं.

तिने स्वतःचा फोन घेतला आणि आपल्या अकाउंटवरून ठिपक्याला मैत्रीची विनंती पाठवली. तेजस्वीचं सगळ्यात जवळचं जे आहे ते माझं असेल, मग तिच्या यादीत माझ्या वर राहणार कोण, असा तिचा हिशोब होता. विनंती मंजूर झाली. अंगठा पडद्यावरून उचलायच्या आत झाली.

तिने आपल्या फोनवरून ठिपक्याला छत पाठवलं. तेजस्वीच्या फोनवरून बाकी सगळ्यांना पाठवलं आणि ठिपक्याला वगळलं. शुक्रवारी सकाळी तेजस्वीच्या फोनवर सहाशे चौदाच्या शेजारी वाळूचं घड्याळ आलं. वेळ संपत आली की ते येतं. मृणाल प्रॅक्टिकलला गेली नाही. दोन्ही फोन मांडीवर घेऊन, भिंतीला पाठ लावून बसून राहिली. खालून नीराबाईंनी चहाला हाक मारली, तिने ओ दिली नाही. दुपारी चारच्या सुमारास सहाशे चौदा गेला. त्याच क्षणी तिच्या फोनवर ठिपका यादीत सगळ्यात वर आला.

कालची मैत्री. आकडा सहाशे पंधरा.

ती मोठ्याने हसली. रिकाम्या खोलीत आपलं हसणं तिला फार बरं वाटलं. मग फोटो आला. हिरवी भिंत, एक खाट. मृणालची.

७

शनिवारी भर दुपारी तेजस्वी परतली. हातांवर विळ्याचे ओरखडे, रंग रापलेला, पण चेहरा असा टवटवीत की मृणाल बघतच राहिली. तिने नव्या भाताच्या पोह्यांचा डबा मृणालच्या मांडीवर ठेवला, फोन घेतला आणि आपल्या खाटेवर ऐसपैस बसली.

"सहा दिस मेल्यागत झोपले," ती म्हणाली. "आई म्हनली, आजारी बिजारी हायस का." मग यादी बघून थांबली. "तुझी ती दुसरी तुटली वाटतं?"

"दुसरी कुठली?"

"ठिपक्याची गं. मला काय येडी समजतेस? तू अकाउंट उघडून दिलंस त्या दिवसापासनं हाय ती. पह्यल्याच दिवशी आकडा एकशे ऐंशी. मी म्हटलं, हिनं काय तरी करामत केली. आणि रोज आपल्याच खोलीचा फोटो. भिंत तेवढी हिरवी करायचीस."

मृणाल पोह्यांच्या डब्याचं झाकण उगाच उघडमिट करत राहिली.

"तुझी खाट कदी दाखवली न्हाईस," तेजस्वी हळू आवाजात म्हणाली. "वाटायचं, बघ, ही सोताला बाजूला ठेवते नि माझीच बाजू काढते. असं कोनी केलं न्हाय माझ्यासाठी. तापानं फनफनले व्हते तवापन चुकवला न्हाय मी. तुझा व्हता म्हनून." तिने हातावरच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. "पन तोडलीस ते बरं केलंस. मला झोप न्हाय यायची. वाटायचं, कोन तरी बसून वाट बघतंय."

सांगायची वेळ हीच होती. ती मी नव्हते, एवढे तीन शब्द. पण मग तापातही न चुकवलेले ते सगळे दिवस मृणालचे राहिले नसते. ते भलत्याच कुणाचे झाले असते.

"हो," ती म्हणाली. "मीच होते."

दाराआड 'खट्' झालं आणि तिचा फोन वाजला. तिने उघडला. खोली आत्ताची होती. खाटेवर मृणाल, मांडीवर पोह्यांचा डबा. समोर तेजस्वी नव्हती. तिची खाटही नव्हती. मोकळी फरशी आणि मागे हिरवी भिंत.

मृणालने मान वर केली. तेजस्वी समोरच होती, चांगली हाडामांसाची, फोनमध्ये बघून खुदकन हसत. "वर्गातल्या जयमालानं नवी चालू केली माझ्याशी," ती म्हणाली. "सुजितचे तर अकरा मेसेज. ह्यांना दुसरं काम न्हाय."

सहा दिवसांनी आली, आणि पुरती पाच मिनिटं नाही बसली माझ्यासोबत. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कॅमेरा उघडला आणि फोन दाराकडे धरला.

फोनला चेहरा दिसला की तो त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढतो. दाराआडच्या कोपऱ्यात केरसुणी होती, आणि केरसुणीच्या शेजारी, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, रिकाम्या जागेत पिवळा चौकोन होता. तो थोडा हलत होता. मग तो वर गेला. उभा राहिला असंच म्हणावं लागेल. भिंतीकडेने सरकत तो तेजस्वीच्या खाटेशी आला आणि तिच्या डोक्यापाशी थांबला. तेजस्वीची मान खाली होती.

आता मात्र मृणाल घाबरली होती. तेजस्वीला हाक मारून जिन्याकडे ढकलावं एवढं सुचायला हवं होतं. पण त्या सगळ्या भीतीच्या वर तिला जे वाटलं ते फार जुनं आणि ओळखीचं होतं. हिच्याकडेच का. आता तर तो माझा आहे.

तिने फोन उलटा केला, स्वतःकडे. पडद्यावर तिचा एकटीचा चेहरा आला, त्याच्याभोवती एक चौकोन. तिने वाट पाहिली. खाटेची फळी किंचित करकरली. मग दुसरा चौकोन आला, तिच्या खांद्यामागे, अगदी कानाजवळ.

मृणालला बरं वाटलं. तिने हात स्थिर धरला आणि फोटो पाठवला.

"कॅन्टीनला चलतेस?" तेजस्वी दारातून चपला घालत म्हणाली. "सगळी थांबलीत आपल्यासाठी."

"तू हो पुढे," मृणाल म्हणाली.